सुरांची शाळा

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई शहर पहाटेच जागे होई. परळ-लालबागेत गिरण्यांचे भोंगे वाजत, माझगाव आणि रे रोडच्या बाजूस गोदीकडे कामगारांची पावले वळत आणि गिरगावच्या चाळींत नळावर गडबड सुरू होई. १९०८ सालानंतर पहाटेच्या या नित्याच्या आवाजांत एक नवा आवाज मिसळू लागला. एका विद्यालयात बरीच मुले ओळीने बसून, तंबोऱ्याच्या साथीने, एकाच वेळी एकच षड्ज लावीत असत. आज ही गोष्ट साधी वाटेल. त्या काळी मात्र ती नवलाची होती. हे नवल ज्या पुरुषाने घडवून आणले, त्याची दृष्टी लहानपणीच अधू झाली होती. त्याचे नाव विष्णु दिगंबर पलुसकर.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या संगमाजवळचे हे लहानसे संस्थानी गाव. त्यांचे वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. त्यामुळे टाळ, मृदंग आणि अभंगाची चाल या गोष्टी बाळ विष्णूच्या कानांवर अगदी पाळण्यापासून पडत होत्या. जवळच्या नरसोबाच्या वाडीस दत्ताचे प्रसिद्ध देवस्थान आहे. तेथे दत्तजयंतीचा उत्सव मोठ्या थाटाने होतो. अशाच एका उत्सवात फटाका उडवीत असता तो विष्णूच्या तोंडाजवळच फुटला. दोन्ही डोळ्यांना इजा झाली. खेड्यात त्वरित उपचार मिळणे शक्य नव्हते. काही काळ तर दृष्टी जवळजवळ नाहीशीच झाली होती. पुढे ती थोडीफार परत आली, परंतु पुस्तक डोळ्यांशी धरून शिकण्याचा मार्ग त्या हुशार मुलाला कायमचा बंद झाला.

डोळ्यांच्या उपचारासाठी विष्णूला मिरजेस आणण्यात आले. औषधाने दृष्टी पूर्ववत होणार नाही, हे वैद्यांना कळून चुकले. परंतु मुलाचा गळा गोड आहे आणि कान तीक्ष्ण आहे, हेही त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी त्याला गायन शिकविण्याचा सल्ला दिला. मिरजेच्या अधिपतींनी त्याला आश्रय दिला आणि पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या हाती सोपविले. बाळकृष्णबुवा हे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे थोर गवई होते. ही विद्या मिळविण्यासाठी त्यांनी स्वतः अपार कष्ट सोसले होते. त्यांच्या पायांशी बसून विष्णूने सुमारे बारा वर्षे तपश्चर्या केली. एकेक स्वर घोटावा, एकेक तान शंभर वेळा म्हणावी, गुरूंच्या घरची पडेल ती सेवा करावी आणि पुन्हा तंबोरा घेऊन बसावे, असा तो क्रम होता.

त्या काळी संगीत शिकण्याची रीत हीच होती. विद्या गुरूच्या घरी मिळे. गुरू प्रसन्न झाला तरच ती मिळे, आणि तीही थोडी थोडी. अनेक गवई आपल्या चिजा आपल्या घराण्याबाहेर जाऊ देत नसत. दुसऱ्याने चोरून ऐकू नये, म्हणून काही जण रियाज करताना दारे लावून घेत. या रीतीतून मोठमोठे कलावंत निर्माण झाले, हे खरे. परंतु ज्याला गुरू लाभला नाही, त्याला विद्येचे दार कायमचे बंद राही, हेही तितकेच खरे. शिवाय गवयाला समाजात मान नव्हता. राजेरजवाडे त्याला पोशीत, त्याच्या गाण्यावर खूश होऊन शालजोडी देत. पण चारचौघांच्या बैठकीत त्याला बरोबरीचे आसन देत नसत. सभ्य घरातील माणसे आपल्या मुलांना गाणे शिकू देण्यास कचरत असत.

या अवहेलनेचा अनुभव तरुण विष्णूला मिरजेतच आला, असे सांगतात. संस्थानातील एका समारंभाचे निमंत्रण त्याला मिळाले, परंतु त्याच्या गुरूंना मिळाले नाही. ज्यांच्यामुळे आपल्याला चार स्वर आले, त्यांनाच समाज केवळ गवई म्हणून बाजूस ठेवतो, हे त्याच्या मनाला फार लागले. संगीताला प्रतिष्ठा मिळवून द्यावयाची, तर राजाच्या आश्रयावर विसंबून चालणार नाही, हा विचार तेथे रुजला. १८९६ साली विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. राहण्याजेवण्याची ददात नव्हती, ते आश्रयाचे ठिकाण त्यांनी आपण होऊन सोडले. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

ते गावोगाव फिरले. बडोद्यास त्यांच्या गायनाचा गौरव झाला. सौराष्ट्रात त्यांनी एक धाडस केले. तोवर गवयाचे गाणे देवळात, दरबारात किंवा धनिकाच्या दिवाणखान्यात होत असे. विष्णु दिगंबरांनी अल्प दराची तिकिटे लावून सार्वजनिक सभागृहात जलसा केला. ज्याच्या खिशात थोडे पैसे असतील, त्याने यावे आणि राजाने ऐकावे तेच गाणे ऐकावे, असा त्याचा अर्थ होता. पुढे ते ग्वाल्हेर व मथुरा येथे गेले. हिंदुस्थानी संगीतातील बहुतेक चिजा ब्रज भाषेत आहेत. त्यांचा अर्थ नीट कळावा, म्हणून त्यांनी मथुरेस राहून त्या भाषेचा अभ्यास केला. अशी भ्रमंती करीत करीत ते पंजाबात पोहोचले.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे विष्णु दिगंबरांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. याआधी १८८६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी गायनशाळा काढली होती. परंतु तिच्या पाठीशी राजाची तिजोरी होती. लाहोरच्या विद्यालयाचा आधार म्हणजे लोकांनी दिलेल्या देणग्या, विद्यार्थ्यांची फी आणि स्वतः पंडितजींनी जलसे करून मिळविलेला पैसा. प्रांत परका, भाषा परकी आणि गाणे शिकण्याविषयी लोकांच्या मनात संशय. आरंभी विद्यार्थी फिरकेनात. तेव्हा वर्गाच्या ठरलेल्या वेळी पंडितजी स्वतःच तंबोरा घेऊन बसत आणि तास संपेपर्यंत रियाज करीत, अशी आठवण सांगितली जाते. विद्यार्थी नाहीत म्हणून वेळापत्रक मोडावयाचे नाही, हा त्यांचा बाणा होता. हळूहळू मुले येऊ लागली. मुलींसाठीही शिक्षणाची सोय झाली.

आता खरी परीक्षा होती. गुरू आणि एक शिष्य समोरासमोर बसले असता शिकविणे निराळे आणि वीस-पंचवीस मुलांना एकत्र शिकविणे निराळे. प्रत्येकाचा गळा वेगळा असतो. कोणाचा षड्ज उंच, तर कोणाचा खाली. बारा-तेरा वर्षांच्या वयात मुलांचा आवाज फुटतो. काल सहज लागणारा तार षड्ज आज लागेनासा होतो. एक मूल चटकन शिकते, तर दुसरे मागे रेंगाळते. अशा सर्वांना एका सुरात आणि एका लयीत आणावयाचे, म्हणजे विखुरलेल्या मण्यांत दोरा ओवण्यासारखेच होते. विष्णु दिगंबरांनी त्यासाठी शिक्षणाची रीतच बदलली. त्यांनी वर्ग पाडले, प्रत्येक वर्गाचा अभ्यासक्रम ठरविला, परीक्षा ठेवल्या. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी क्रमिक पुस्तके लिहिली आणि ती छापण्यासाठी स्वतःचा छापखाना काढला. संगीतास वाहिलेले मासिकही सुरू केले.

पुस्तके लिहावयाची, तर स्वर कागदावर उतरविण्याची लिपी हवी. म्हणून त्यांनी आपली स्वरलिपी तयार केली. स्वर कोमल आहे की तीव्र, तो मंद्र सप्तकातील आहे की तार सप्तकातील, आणि त्यावर किती मात्रा थांबावयाचे, या सर्व गोष्टी लहान लहान चिन्हांनी दाखविण्याची सोय त्या लिपीत होती. याच काळात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीही निराळ्या, अधिक सोप्या पद्धतीची स्वरलिपी प्रचारात आणली. दोघांची दिशा एकच होती. जुन्या गवयांना हे पसंत नव्हते. राग हा गळ्यातून गळ्यात जावयाचा, तो कागदावर कसा सापडणार, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. रागाचे सारे सौंदर्य कागदावर उतरत नाही. परंतु बंदिशीचा सांगाडा उतरतो. तो सांगाडा सर्वांच्या डोळ्यांसमोर एकच असला, म्हणजे दहा जण दहा तऱ्हांनी म्हणत नाहीत.

या लिपीचा उपयोग समूहगानात आणि त्याहूनही अधिक वृंदवादनात झाला. आपल्या संगीतात राग विस्ताराने मांडणारा कलावंत बहुधा एकटाच असतो. सूर कोठे थांबवावा, लय केव्हा वाढवावी, हे त्याच्याच मनावर असते. साथीदार त्याच्या मागून जातात. वाद्यवृंदात असे चालत नाही. तेथे सतार, दिलरुबा, सारंगी, जलतरंग, तबला, मृदंग अशी निरनिराळी वाद्ये एकाच वेळी वाजावयाची असतात. वाजविण्यापूर्वी ती सर्व एका षड्जाला जुळवावी लागतात. पावसाळी हवेत सतारीच्या तारा उतरतात, त्या पुन्हा चढवाव्या लागतात. तबल्याच्या गठ्ठ्यांवर हातोडीने हलके ठोके देऊन त्याचा सूर साधावा लागतो. जलतरंगाच्या पेल्यात चमचाभर पाणी अधिक पडले, तरी स्वर खाली येतो. एवढे सारे जमल्यावर गत सुरू होते. आणि गत सुरू झाल्यावर खरी कसोटी लागते ती हातांची नव्हे, तर कानांची.

ज्या मुलाचा हात तयार असतो, त्याला पुढे धावण्याचा मोह होतो. ज्याचा कच्चा असतो, तो बावरतो आणि मागे पडतो. दोघेही लय सोडतात. आणि दोघांमुळे सर्वांचे वाजविणे बिघडते. अशा वेळी हुशार मुलाने आपला हात आवरावा आणि मागे पडणाऱ्याने पुढच्या समेवर पुन्हा मिळून यावे, हे शिकवावे लागते. गुरूच्या घरी एकट्याने शिकणाऱ्याला स्वतःचा स्वर ऐकण्याची सवय होते. वृंदात शिकणाऱ्याला शेजाऱ्याचा स्वर ऐकावा लागतो. विष्णु दिगंबरांच्या विद्यालयात मुलांना संगीतापुरतेच नव्हे, तर पुढच्या सार्वजनिक आयुष्यालाही उपयोगी पडेल असे हे शिक्षण मिळत होते. याच सुमारास मध्य भारतातील मैहर संस्थानात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी अनाथ मुले गोळा करून त्यांचा वाद्यवृंद उभा केला आणि बंदुकीच्या नळ्यांपासून नलतरंग नावाचे वाद्य बनविले. वाटा निराळ्या होत्या. परंतु पोरक्या किंवा गरीब मुलांच्या हाती वाद्य दिले, तर ती एकदिलाने वाजवू लागतात, हे दोन्ही ठिकाणी दिसून आले.

१९०८ साली विष्णु दिगंबरांनी गांधर्व महाविद्यालयाची शाखा मुंबईस काढली. थोड्याच वर्षांत तेच मुख्य केंद्र बनले. गिरगावाजवळ सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची इमारत उभी राहिली. विद्यालयाबरोबर वाद्ये दुरुस्त करण्याची कर्मशाळाही होती. गाणे शिकणाऱ्याने तंबोऱ्याची जवारी काढण्याचे कामही जाणावे, असा त्यामागचा हेतू होता. काही निवडक विद्यार्थ्यांसाठी उपदेशक वर्ग होता. त्यांच्या राहण्याजेवण्याचा भार विद्यालय उचली. मोबदल्यात त्यांनी ठरावीक वर्षे शिकावयाचे आणि पुढे संगीताच्या प्रचाराचे काम करावयाचे, असा करार असे. शिस्त कडक होती. पहाटे उठणे, व्यायाम, प्रार्थना, खर्जाचा रियाज, मग वर्ग, असा दिवस जाई. वर्तनात किंचितही सैलपणा पंडितजींना खपत नसे. समाजाने गवयाकडे बोट दाखवू नये, म्हणून ते आपल्या विद्यार्थ्यांची कसोटी अधिकच कठोरपणे घेत.

या वर्गातून कोणकोण तयार झाले, ते पाहिले म्हणजे मन थक्क होते. गुजरातेतून आलेल्या ओंकारनाथ ठाकूर नावाच्या एका अत्यंत गरीब मुलाला एका दानशूर पारशी गृहस्थाने पंडितजींकडे आणून पोहोचविले. तोच मुलगा विशीच्या आतच, १९१६ साली, लाहोरच्या विद्यालयाचा प्रमुख झाला आणि पुढे जगभर गाजला. मिरजेचे विनायकराव पटवर्धन, कोल्हापूरचे शंकरराव व नारायणराव व्यास हे बंधू, वामनराव पाध्ये, बी. आर. देवधर अशी ही मालिका मोठी आहे. नारायण मोरेश्वर खरे या शिष्याला पंडितजींनी महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात पाठविले. तेथील प्रार्थनेला त्यांनीच सूर दिला. वेगवेगळ्या प्रांतांतून आलेली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी ही मुले एका पंगतीस जेवली, एका तंबोऱ्याला गायिली आणि मोठेपणी देशभर पसरली.

विष्णु दिगंबरांच्या ठायी राष्ट्राविषयी उत्कट प्रेम होते. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात असत. १९२३ साली काकीनाडा येथील अधिवेशनात अध्यक्षांनी गायनास आक्षेप घेतला, तरी पंडितजींनी न डगमगता गीत पूर्ण केले. रघुपति राघव राजाराम या धुनीची लोकप्रिय चालही त्यांच्याच नावाशी जोडली जाते. हजारो लोकांनी एकाच वेळी म्हणावी अशी ती चाल आहे. तीत अवघड ताना नाहीत, फार उंच किंवा फार खालचे स्वर नाहीत. जो कधीच गाणे शिकला नाही, त्यालाही ती जमते. दरबारी गायकीत बारा वर्षे मुरलेल्या गवयाला लोकांसाठी इतके सोपे होता आले, हा त्यांचा मोठेपणा होय.

परंतु चांगल्या कामालाही पैसा लागतो. इमारत, छापखाना, कर्मशाळा आणि विनामूल्य जेवणारे विद्यार्थी या साऱ्यांचा खर्च देणग्या आणि जलसे यांतून भागेना. पंडितजींनी कर्ज काढले. ते फेडण्यासाठी गावोगाव गायन केले. तरी व्याज वाढतच गेले. अखेर १९२४ साली विद्यालयाची इमारत आणि मालमत्ता लिलावात गेली. ज्या दालनांत मुलांनी पहिला षड्ज लावला होता, ती परक्याची झाली. घरीही दुःखांनी त्यांची पाठ सोडली नाही. त्यांना बारा अपत्ये झाली. त्यांपैकी दत्तात्रेय हा एकच मुलगा जगला. अशा आघातांनी एखादा माणूस कडवट झाला असता. विष्णु दिगंबरांनी मात्र रामनामाचा आधार घेतला. त्यांचा ओढा आधीपासूनच तुलसीरामायणाकडे होता. नाशिक येथे त्यांनी रामनाम-आधाराश्रम काढला. तेथे रामकथा आणि भजन चाले, आणि मुलांना शिकविणेही चालू राहिले. इमारत गेली, परंतु वर्ग मोडला नाही.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, विष्णु दिगंबरांनी मिरजेस देह ठेवला. ज्या गावी त्यांनी अधू दृष्टीने पहिला तंबोरा हाती घेतला होता, तेथेच त्यांचे जीवनगाणे संपले. त्या वेळी त्यांचा मुलगा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. पुढे पित्याच्या शिष्यांनीच त्याला विद्या दिली, आणि डी. व्ही. पलुसकर या नावाने तो श्रेष्ठ गायक झाला. जी विद्या पंडितजींनी मुक्तहस्ताने वाटली होती, ती अशी त्यांच्याच घरी परत आली. दारे लावून ती जपली असती, तर त्या पोरक्या मुलाला ती कोणी दिली असती?

शिष्यांनी आणखीही एक गोष्ट केली. त्याच वर्षी ते एकत्र जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. १९३२ साली विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. मुंबईत ऑपेरा हाउसजवळ देवधरांची संगीतशाळा १९२५ पासूनच चालू होती. कुमार गंधर्व तेथेच शिकले. दादरला व्यास बंधूंनी विद्यालय उघडले. मंडळाशी संलग्न असलेल्या केंद्रांतून आजही असंख्य मुलेमुली संगीताच्या परीक्षांना बसतात. १९७३ साली भारतीय डाक विभागाने पंडितजींच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

लिलावात एक इमारत गेली. तिच्या जागी गावोगावी शाळा उभ्या राहिल्या. आज एखाद्या शाळेच्या दालनात मुले वाद्ये घेऊन बसतात. प्रथम सगळा गोंधळ असतो. कोणाची तार उतरलेली, कोणाचा ठेका पुढे गेलेला. मग एक जण थांबतो, शेजाऱ्याचा सूर ऐकतो आणि आपली खुंटी किंचित पिळतो. दुसरा तसेच करतो, तिसराही करतो, आणि एका क्षणी सारे समेवर येऊन मिळतात. विष्णु दिगंबरांनी आयुष्यभर ज्यासाठी कष्ट केले, तो हाच क्षण होय.